लग्नानंतरचा पहिला परदेश प्रवास: नाशिकहून निघणाऱ्या नव्या जोडप्यासाठी

मे २०१९. लग्नाला पाच दिवस झाले होते, हातावरची मेंदी अजून गडद होती आणि मुंबई विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी माझा पासपोर्ट आणि तिकीट आळीपाळीने बघत होती. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव, मधे वडिलांचं. तिकिटावर मात्र सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. तिकिटं सासऱ्यांच्या मित्रानं ओळखीच्या एजंटकडून प्रेमानं काढून दिली होती. नावं फोनवर सांगितली गेली आणि सांगणाऱ्यानं सूनबाईंचं नाव जसं घरात आता म्हटलं जातं तसंच सांगितलं. त्यात त्या माणसाची चूक तरी काय म्हणायची? आम्ही दोघांनी ते तिकीट विमानतळावर पोचेपर्यंत उघडून वाचलं नव्हतं.

बालीचं विमान आमच्याशिवाय गेलं. रात्री दोन वाजता ठाण्याला माझ्या मावशीच्या दारात उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी दोघांची नवी तिकिटं काढली, जवळजवळ दुप्पट पैसे गेले, तिकडच्या हॉटेलची एक रात्र बुडाली. मावशीनं पिठलं-भात केला होता आणि मी ताटावर बसून रडले.

त्यानंतर नणंदेच्या, मामेभावाच्या, आमच्या इंदिरानगरमधल्या शेजारच्या मुलीच्या अशा बऱ्याच जोडप्यांच्या प्रवासाची तयारी करायला मी सोबत बसले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली. लग्नाच्या महिनाभरात नवरा-नवरीचं सगळं दुसरेच करत असतात. हॉल काका बघतात, कपडे मावश्या ठरवतात, आपण सांगतील तिथे उभं राहायचं आणि वाका म्हटलं की वाकायचं. ही सवय प्रवासाच्या कागदांपर्यंत पोचते आणि तिथेच घात होतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: बाकी काहीही घरच्यांवर सोपवा, प्रवासाचे कागद तुम्ही दोघांनी स्वतः हातात घेऊन वाचा.

पायरी पहिली: तारीख ठरली की पासपोर्ट उघडा

साखरपुडा झाला की दोघांनी आपापले पासपोर्ट काढून त्यावर तीन गोष्टी बघायच्या. मुदत, नाव आणि कोरी पानं.

मुदत म्हणजे फक्त संपायची तारीख नव्हे. थायलंड, इंडोनेशिया, सिंगापूर, मलेशिया, संयुक्त अरब अमिरात अशा आपल्याकडच्या नेहमीच्या ठिकाणी पोचण्याच्या दिवसापासून पुढे सहा महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. कॉलेजात असताना काढलेला पासपोर्ट नेमका लग्नाच्या वयात संपायला येतो, कारण मोठ्या माणसाच्या पासपोर्टची मुदत १० वर्षं असते. नवा काढायचा तर ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे आणि तत्काळसाठी आणखी २,००० रुपये. नाशिकमध्येच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. पण पोलीस पडताळणी लक्षात घ्या. मुलीनं लग्नाच्या तोंडावर माहेरच्या पत्त्यावर अर्ज केला आणि हवालदार घरी आले तेव्हा ती सासरी, असं आमच्या शेजारच्या मुलीच्या बाबतीत झालं. अर्ज लग्नाच्या निदान तीन महिने आधी व्हायला हवा.

आता नावाचं. लग्नात ताम्हणातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं जातं, त्याचा गोडवा मला आजही आठवतो. पण ते नाव कागदोपत्री अजून तुमचं झालेलं नसतं. पासपोर्टवर नाव बदलणं कायद्यानं सक्तीचं नाही आणि हनिमूनच्या आधी तर अजिबात बदलायला जाऊ नये, वेळ पुरत नाही. पहिला प्रवास माहेरच्या नावानंच करायचा. तिकीट, व्हिसा, विमा, हॉटेल, परकीय चलनाचं कार्ड, सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच आणि तसंच नाव. आपल्या पासपोर्टवर वरच्या रकान्यात आडनाव असतं, त्याखालच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. तिकीट काढतानाही तसंच भरा. एखादं अक्षर चुकलं तर बहुतेक विमान कंपन्या वेळेत सांगितल्यावर दुरुस्त करून देतात. सबंध आडनावच वेगळं असेल तर आयत्या वेळी काउंटरवर काहीही होत नाही, हे मी अनुभवलंय.

आणि पासपोर्टवर एकच नाव असेल, आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर दुबईचा बेत करण्याआधी ते दुरुस्त करून घ्या. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीत अशा पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश मिळत नाही.

एजंटला नावं फोनवर सांगू नका. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा. तिकीट आलं की दोघांनी शेजारी बसून, पासपोर्ट बाजूला ठेवून, एक एक अक्षर जुळवा. मग तिकिटावरचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, विमान कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा, आणि हॉटेललाही स्वतः ईमेल करून आपलं बुकिंग आहे ना ते विचारा.

पायरी दुसरी: ठिकाण निवडताना लग्नाचा महिना बघा

आपल्याकडे लग्नं दोन भरात होतात. तुळशीच्या लग्नानंतर नोव्हेंबर-डिसेंबरला आणि नंतर एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे हनिमूनही ठरावीक महिन्यांतच पडतो, आणि फोटोत निळाशार दिसणारा समुद्र त्या महिन्यात तसा असेलच असं नाही.

मेअखेरीस किंवा जूनमध्ये जाणार असाल तर फुकेत आणि क्राबी टाळा. अंदमान समुद्राच्या त्या बाजूला मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, समुद्र खवळलेला असतो, बोटी रद्द होतात. सिमिलन बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंदच असतात. माझ्या मामेभावानं जूनमध्ये जाऊन चार दिवस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघितला. पाऊसच बघायचा होता तर इगतपुरी काय वाईट होती, असं तो अजून म्हणतो.

याच महिन्यांत बाली छान असतं. तिथला कोरडा काळ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. उलट डिसेंबर-जानेवारीत बालीत धो धो पाऊस असतो आणि तेव्हा फुकेत उत्तम. म्हणजे हिवाळी लग्नाला फुकेत, उन्हाळी लग्नाला बाली, एवढं सोपं गणित आहे.

मार्चमध्ये बालीला जाणाऱ्यांनी न्येपीची तारीख आधी बघावी. तिथल्या शक कालगणनेतला तो नववर्षाचा दिवस, मौन पाळायचा. २४ तास विमानतळ बंद, रस्ते ओस, पर्यटकांनीही हॉटेलच्या आवारातच राहायचं. ती आपल्या पाडव्याच्याच सुमारास किंवा महिनाभर आधी येते. २०२६मध्ये तर दोन्ही १९ मार्चलाच होते. माहीत असेल तर तो दिवस फार सुंदर जातो, रात्री दिवे नसल्यानं आकाश चांदण्यांनी भरून येतं. माहीत नसेल तर त्या दिवशीचं विमान हातचं जातं.

पायरी तिसरी: लग्न आणि विमान यांच्यात श्वास ठेवा

सत्यनारायण, जागरण-गोंधळ, कुलदैवताचं दर्शन, मग माहेरी परतवणीचं जेवण. नाशिककडच्या बऱ्याच घरांत वणीच्या गडावर सप्तशृंगीला जाऊन आल्याशिवाय सून कुठेच बाहेर पडत नाही. लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं विमान काढलं की या सगळ्याची ओढाताण होते आणि पहिला रुसवा तिथेच सुरू होतो. सात-आठ दिवसांचं अंतर ठेवा. तारीख काढण्याआधी दोन्हीकडच्या आयांना एकदा विचारा की कोणता विधी कधी आहे. विचारलं म्हणजे परवानगी मागितली असं नाही, पण मान राहतो आणि तारखाही जुळतात.

मेंदीबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. युरोप, ब्रिटन, अमेरिका यांच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे घेतात आणि बोटांच्या टोकांवर मेंदी असेल तर ठसे नीट उमटत नाहीत. अर्ज स्वीकारणारी केंद्रं स्पष्ट लिहितात की बोटांवर मेंदी नको. नवरीची मेंदी नखांपर्यंत भरलेली असते. म्हणजे ठशांची अपॉइंटमेंट मेंदीच्या आधी उरकायला हवी. पासपोर्ट केंद्रातही ठसे घेतात, तिथेही हेच.

पायरी चौथी: व्हिसा आणि येण्याची नोंद

युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्यात मुंबईच्या केंद्रांत वेळच मिळत नाही, त्यामुळे मेच्या स्वित्झर्लंडसाठी जानेवारीतच हालचाल करा. फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे आणि निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

पूर्वेकडच्या देशांत व्हिसा सोपा आहे, पण ऑनलाइन नोंदीचं नवं प्रकरण आलंय. थायलंडमध्ये १ मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं. सिंगापूरचंही असंच आहे. मालदीवची नोंद ९६ तास आधीपासून करता येते. या तिन्ही नोंदी फुकट आहेत. शोधल्यावर वर येणारी पहिली वेबसाइट पैसे मागत असेल तर ती सरकारी नाही, लगेच बाहेर पडा. नणंदेनं असेच दोघांचे मिळून चार हजार भरले होते. बालीत मात्र खरोखर पैसे लागतात: आगमनाचा व्हिसा ५,००,००० रुपिया, आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून वेगळा पर्यटक कर १,५०,००० रुपिया. आकडे ऐकून घाबरू नका, रुपिया म्हणजे आपला रुपया नव्हे. हे नियम सारखे बदलतात. तिकीट काढण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या आठवड्यात, असे दोनदा त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर बघा.

पायरी पाचवी: पैसे

मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड परदेशातल्या वापरासाठी बंद अवस्थेतच येतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावं लागतं. हे नाशिकमध्ये बसून करा, कारण तिकडे ओटीपी आला नाही तर अडकाल. भारतातलं सिम काढून डबीत ठेवू नका, एका फोनमध्ये चालू ठेवा. दोघांच्या नावाची वेगवेगळ्या बँकांची निदान दोन कार्डं हवीत आणि ती एका पाकिटात नकोत.

अहेराची पाकिटं फोडून ती रोकड तशीच घेऊन निघण्याचा मोह होतो. भारतीय चलन माणशी २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतं, आणि तिकडे ते फारसं कुणी घेतही नाही. दुकानात कार्ड दिल्यावर मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? नेहमी तिथलं चलन निवडा, रुपये निवडले की दर वाईट लागतो. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ घेतलेला कर, कापला असेल तर तो ज्याच्या पॅनवर कापला त्यानं विवरणपत्रात जमेस धरायचा. सासऱ्यांनी पैसे भरले असतील तर त्यांना हे सांगा.

पायरी सहावी: बॅग भरताना दोन्ही घरच्या प्रेमाला वाट काढा

सगळ्यात नाजूक पायरी हीच. निघताना सासू ओटी भरते. ओटीत नारळ असतो, खणासोबत कधी खोबऱ्याची वाटीही. सुकं खोबरं पटकन पेट घेणारं म्हणून विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि सामानातही नाही. ओटी घ्या, नमस्कार करा आणि नारळ देवापाशी ठेवून निघा. हे आदल्या दिवशी सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. सुरक्षा तपासणीत कुणी अनोळखी माणसानं तो काढून कचऱ्यात टाकला की मात्र जिवाला लागतं.

अनारसे. २०२६च्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून, म्हणजे ज्यांचं लग्न त्याआधी झालं त्या जावयांना तेहेतीस अनारशांचं वाण. ओळखीतलं एक जोडपं त्यातला डबा दुबईला घेऊन निघालं होतं. अनारशांवर खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दाणा आणला तरी गुन्हा. डिंकाच्या लाडवातही खसखस घालतात. दुबई-अबुधाबीला जाताना खसखशीचा कण बॅगेत नको, मसाल्याच्या पुडीतसुद्धा नको. आईला नीट समजावून सांगा, चिवडा आणि शंकरपाळे आनंदानं न्या.

माहेरून मिळालेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण सोबत नेणाऱ्या मुली मी बघितल्यात. मालदीवमध्ये पूजेची मूर्ती नेण्यास बंदी आहे, दारूलाही. तिथे जाताना देव घरीच ठेवा. न्यूझीलंडला कुठलाही खाऊ न सांगता नेला तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो, फॉर्मवर सगळं लिहा. सिंगापूरला च्युइंगगम नको.

दागिन्यांबद्दल माझं मत ठाम आहे. पाटल्या, तोडे, मोठं मंगळसूत्र लॉकरमध्ये. रोजचं बारीक मंगळसूत्र घाला. परदेशी पाण्यात पोहताना पाटल्या गळून पडल्याचं दुःख कुठलाही विमा भरून देत नाही. हिरवा चुडा काचेचा, प्रवासात एखादी बांगडी वाढली तर मन खट्टू करू नका, दोन जास्तीच्या सोबत ठेवा.

आणि बॅगा नवऱ्याची एक, नवरीची एक अशा भरू नका. दोघांचे अर्धे-अर्धे कपडे दोन्हीत घाला. एक बॅग हरवली तरी दोघांनाही दोन दिवसांचे कपडे मिळतात. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॅट-अवरपर्यंतची. रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, एक जोडी कपडे हेही हातातच.

पायरी सातवी: नाशिक ते विमान

विमान १५ तारखेला रात्री साडेबाराचं. तुम्ही घरून कधी निघणार? बरेच जण १५च्या संध्याकाळी निघतात आणि पोचतात तेव्हा विमान जाऊन वीस तास झालेले असतात. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे रात्रीचे साडेबारा आपल्याला त्याच दिवसाची रात्र वाटते. विमानाची तारीख मध्यरात्री बदलते. १५चं साडेबारा म्हणजे १४च्या दुपारीच गाडीत बसायचं. घरातल्या कालनिर्णयवर १४ तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा: आज निघायचं.

मुंबईचा विमानतळ की नवी मुंबईचा, हेही तिकिटावर नीट वाचा. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत. ड्रायव्हरला पत्ता देताना विमानतळाचं पूर्ण नाव द्या, नुसतं 'एअरपोर्ट' म्हणू नका.

रस्त्याचा हिशेब असा. मोकळ्या रस्त्यानं मुंबई विमानतळापर्यंत चार तास धरा. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पण आमणेनंतर भिवंडी-ठाण्याची कोंडी तशीच आहे. पावसाळ्यात इगतपुरीला धुकं आणि घाटात ट्रक बंद पडलेला, हे ठरलेलं. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. मी आठ तासांचं गणित सांगते. तीन तास विमानतळावर, चार रस्त्याला, एक वाटेतल्या अडचणीला. सिंहस्थात हे गणितही पुरणार नाही. २ ऑगस्ट २०२७च्या अमृतस्नानाच्या आसपास परदेशाचं विमान काढूच नका, काढलंच तर आदल्या दिवशी मुंबईत मुक्कामाला जा.

नाशिकच्याच ओझर विमानतळाहून दिल्लीमार्गे जायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असावीत. वेगवेगळी काढली आणि पहिल्याला उशीर झाला तर दुसऱ्या कंपनीला त्याचं देणंघेणं नसतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यानं असे कितीतरी जण अडकतात.

पायरी आठवी: तिकडे गेल्यावर

मालदीवला सी-प्लेननं रिसॉर्टवर जायचं असेल तर माले विमानतळावर दुपारी साडेतीनच्या आत उतरा. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. उशीर झाला तर रात्र मालेत, रिसॉर्टचे पैसे मात्र चालूच. सामानाचं वजनही कमी, साधारण २० किलो आणि हातात ५.

बाली किंवा थायलंडला स्कूटर भाड्यानं घेणार असाल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आधी काढा, तो वर्षभर चालतो. परवाना नसताना पडलात तर विमा कंपनी दवाखान्याचे पैसे देत नाही. दोघं मिळून जगात नवे आहात, हेल्मेट घाला. उलुवाटूच्या देवळात माकडं चष्मा आणि फोन हिसकावतात, तेवढ्यापुरते दोन्ही पिशवीत ठेवा.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. थायलंडमध्ये भाजीतही माशाचा रस, नाम प्ला, घालतात आणि बालीच्या सांबलमध्ये कोळंबीचं तेरासी. थायलंडमध्ये 'जे' हा शब्द सांगा, शुद्ध शाकाहारी जेवणाला तिथे तोच म्हणतात, पिवळ्या पाटीवर लिहिलेला असतो.

घरी फोन दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. पोचल्याचा निरोप दोन्ही घरी एकाच वेळी जाऊ द्या. नव्या नात्यात कुणाला आधी कळलं याचा हिशेब होतो आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

पायरी नववी: शरीराची काळजी

याबद्दल मुलींशी कुणी मोकळं बोलत नाही, म्हणून मी ताईच्या नात्यानं लिहिते. लग्नाच्या दिवसांत शालूमुळे आपण तासन्‌तास पाणी पीत नाही, लघवी दाबून ठेवतो. त्यावर लगेच नवे शरीरसंबंध. पहिल्या आठवड्यात लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग अनेकींना होतो, इतका की डॉक्टरांना तो हनिमूनशी जोडलेलाच माहीत असतो. जळजळ, सारखी लघवीला लागणं ही लक्षणं. भरपूर पाणी प्या, संबंधानंतर लघवीला जाऊन या. ताप आला किंवा पाठीत दुखू लागलं तर हॉटेलमधून डॉक्टर बोलवा, लाजून अंगावर काढू नका. नवऱ्यानंही हे वाचावं, म्हणजे त्या वेळी तिला समजावत बसावं लागणार नाही.

निघण्याआधी महिनाभर दोघं मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन या. पाळी पुढे ढकलायची गोळी अपेक्षित तारखेच्या निदान तीन दिवस आधी सुरू करावी लागते आणि ती सगळ्यांना चालत नाही. गर्भनिरोधनाचं आधीच ठरवा. तातडीची गोळी नेहमीच्या उपायाच्या जागी वापरायची नसते. आणि दोघं दमलेले असाल तर पहिल्या रात्री नुसती झोप काढायला काहीच हरकत नाही, पुढे आयुष्य पडलंय.

दुबईला जाताना कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल विनापरवानगी नेऊ नका.

पायरी दहावी: बिघडलंच तर

पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांकडे तक्रार, मग भारतीय दूतावास. बालीत देनपसारला आपलं वाणिज्य दूतावास आहे, फुकेतहून बँकॉकला जावं लागतं. परत येण्यापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र मिळतं. पासपोर्टची झेरॉक्स, दोन फोटो आणि विम्याचा नंबर दोघांच्या वेगवेगळ्या बॅगांत ठेवले असतील तर अर्धं काम झालं.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्या. बॅग मोडलेली मिळाली तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. बोर्डिंग पास आणि बॅगेची चिठ्ठी तोवर जपा. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर विमा कंपनीला आधी फोन.

अशा वेळी दोघांपैकी एकानं काउंटरवर बोलावं आणि दुसऱ्यानं सामान आणि कागद सांभाळावेत. ठाण्याच्या त्या रात्री माझा नवरा एकदाही 'तुझ्या नावामुळे' असं म्हणाला नाही. मीही 'तुमच्या काकांमुळे' म्हटलं नाही, जिभेवर आलं होतं तरी. घरी आम्ही इतकंच कळवलं की विमान चुकलं, उद्या जातोय. कारण सांगितलं ते परत आल्यावर.

परत आल्यावर पहिलं काम लग्नाच्या नोंदणीचं. नाशिक महापालिकेच्या विभागीय कार्यालयात ९० दिवसांच्या आत, लग्नपत्रिका, फोटो, ओळखपत्रं आणि तीन साक्षीदारांसह. अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सहीही लागते. मोसमात गुरुजी दिवसाला तीन गावं करतात, तेव्हा सही मांडवातच घेऊन ठेवा. पासपोर्टवर नाव बदलायचं असेल तर ते प्रमाणपत्र हातात आल्यावर करा. मी सात वर्षांत अजून बदललेलं नाही, आणि आता तिकीट काढताना घरातले सगळे आधी मला विचारतात, पासपोर्टवर काय लिहिलंय ते वाचून दाखव.